चार अक्षरांची सही

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही दिवसांनी एखादी कविता येते. पाऊस, आई, मैत्री, म्हातारपण यांपैकी काहीतरी तिच्यात असतं आणि खाली नाव असतं: पु. ल. देशपांडे. कधी व. पु. काळे, कधी कुसुमाग्रज. दोन ओळी वाचल्या की शंका येते, ही त्यांची नसणार. महिन्याभराने तीच कविता पुन्हा येते आणि या वेळी खाली कुणाचंच नाव नसतं. ज्याने किंवा जिने ती खरोखर लिहिली, ती व्यक्ती कदाचित असाच एखादा ग्रुप उघडून आपली कविता दुसऱ्याच्या नावावर वाचत असेल.

इन्स्टाग्रामवर लिहिणाऱ्यांनी यावर एक उपाय काढला आहे. कवितेच्या चित्रावर, मजकुराच्या मधोमध, फिकट अक्षरांत स्वतःचं हँडल टाकायचं. नाव खाली असलं तर कापता येतं. मधे असलं तर नाव कापताना कविताही कापावी लागते.

उपाय नवा वाटतो, पण मराठी कवितेत तो निदान सातशे वर्षं जुना आहे. त्याला नाममुद्रा म्हणतात. कवीने आपलं नाव कवितेच्या बाहेर न लिहिता कवितेतच गुंफायचं, बहुतेक वेळा शेवटच्या कडव्यात. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी'. शाळेत आपण हे इतक्यांदा वाचलेलं असतं की त्याकडे युक्ती म्हणून कधी बघतच नाही. उपमा, यमक, अनुप्रास पाठ करून घेतले जातात आणि नाममुद्रा 'संतांची पद्धत' म्हणून सोडून दिली जाते. खरं तर मराठी कवितेच्या सगळ्या युक्त्यांमध्ये जिच्यावरून सर्वांत जास्त भांडणं झाली, ती हीच.

मोजून बसवलेलं नाव

आधी हिशेब बघू. अभंगात लघु-गुरूचं गणित नसतं, अक्षरं मोजतात आणि जोडाक्षर एकच धरतात. मोठ्या अभंगाच्या एका चौकात चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. यमक जुळवायचं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी. म्हणजे पहिल्या चरणावर यमकाची सक्ती नाही. नाव ठेवायला याहून सोयीची जागा कुठली?

आता 'तुका म्हणे' मोजा. तु, का, म्ह, णे: चार अक्षरं. सहा अक्षरांच्या चरणात दोन अक्षरं उरतात आणि त्यांत एखादी हाक किंवा छोटासा शब्द मावतो. 'नामा म्हणे' चार, 'चोखा म्हणे' चार, 'जनी म्हणे' चार. 'ज्ञानदेव म्हणे' भरतात सहा, म्हणजे पूर्ण चरण. 'एका जनार्दनी' हेही सहा. एकनाथांनी आपल्या नावापुढे आपले गुरू जनार्दनस्वामी यांचं नाव जोडलं आणि चरण तंतोतंत भरला. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण येतात. तिथे 'म्हणे नामयाची जनी' हे बरोबर आठ अक्षरांचं नाव बसतं आणि 'जनी' नेमकी यमकाच्या जागी येते.

गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला याचा फार उपयोग होता. बहुतेकांना वाचता येत नव्हतं आणि हातात पुस्तकही नव्हतं. कीर्तनात अभंग चालू असताना मुद्रा आली की कळायचं, आता हा संपत आला. तो कुणाचा, हेही त्याच क्षणी कळायचं. वेगळं सांगावं लागत नव्हतं. अभंग जिथे जाईल तिथे त्याचं नाव त्याच्यासोबत जात होतं, कारण नाव काढलं तर सहातली चार अक्षरं कमी पडून चाल लंगडायची.

'म्हणे' हा शब्दही बघण्यासारखा आहे. तुकोबा 'मी म्हणतो' असं लिहीत नाहीत. 'तुका म्हणतो' असं लिहितात, जणू तुका कुणी दुसराच आहे आणि आपण त्याचं बोलणं पोचवतो आहोत. म्हणूनच तो अभंग चारशे वर्षांनी एखादी शाळकरी मुलगी म्हणते तेव्हाही वाक्य चुकत नाही. गाणारा कुणीही असो, म्हणणारा तुकाच राहतो. गंमत अशी की आजच्या बोलीत 'म्हणे' उलट्या कामाला लागला आहे. 'तो म्हणे आजारी होता' याचा अर्थ, मला काही खरं वाटत नाही. जो शब्द कवितेत साक्ष द्यायचा, तोच आता ऐकीव गोष्टीची खूण झाला आहे.

नाव कुणाचं लिहायचं?

ही पद्धत फक्त मराठीची नाही. उर्दू गझलेच्या शेवटच्या शेरात तखल्लुस येतं. हिंदीत कबीर आणि मीरा आपली छाप सोडतात. पण आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये, बाराव्या शतकातल्या शरणांच्या वचनांत, वेगळीच गोष्ट दिसते. बसवण्णांच्या वचनांवर बसवण्णांचं नाव नसतं, 'कूडलसंगमदेव' असतं. अक्कमहादेवीच्या वचनांवर 'चेन्नमल्लिकार्जुन' असतं. सही कवीची, नाव देवाचं.

ज्ञानेश्वरांच्या अनेक अभंगांतही असंच होतं. तिथे मुद्रा येते 'बापरखुमादेवीवरु'. बाप म्हणजे रखुमादेवीचा पती, अर्थात विठ्ठल. आता हे आठवा की परंपरेनुसार ज्ञानेश्वरांच्या आईचं नाव रुक्मिणी आणि वडिलांचं विठ्ठलपंत. संन्यास सोडून संसारात परतले म्हणून याच आईवडिलांना समाजाने वाळीत टाकलं आणि मुलांना 'संन्याशाची पोरं' म्हणून हिणवलं, असं ती परंपरा सांगते. त्या मुलाच्या नावावरच्या अभंगांत देवाचं आणि आईवडिलांचं नाव एकाच शब्दात येतं. भक्ताने ते देवाचं नाव म्हणून ऐकावं, पण त्यातला बाप दोन्हीकडे लागतो.

बायकांच्या मुद्रा वाचताना हे आणखी टोचतं. जनाबाई नामदेवांच्या घरी राबणारी. तिच्या मुद्रेत बहुधा तिचं नाव एकटं येत नाही: 'नामयाची दासी', 'दासी जनी', 'नामयाची जनी'. मालकाचं नाव आधी, आपलं मागून. तरी 'जनी' हे शब्द टिकले. तिला आईवडिलांचा वारसा, जमीन, घर काही नव्हतं. स्वतःच्या नावाने उरलेली एकच वस्तू म्हणजे ही दोन अक्षरं.

चोखामेळ्याची बायको सोयराबाई. तिच्या अनेक अभंगांत मुद्रा येते 'चोखियाची महारी'. यात नवऱ्याचं नाव आहे, जातीचं नाव आहे, फक्त तिचं स्वतःचं नाव नाही. ही लाचारी मानायची की 'जी ओळख तुम्ही मला देता, तीच घेऊन मी बोलणार' असा ताठपणा? तिच्या अभंगांत विटाळाबद्दलचे रोखठोक प्रश्न वाचले की मला दुसरं जास्त पटतं. ज्यांना पंढरीच्या देवळाची पायरी चढायची मनाई होती, त्यांची नावं अभंगांमधून वारीत आणि कीर्तनात पोचली. नावं अशी पोचवायला मुद्रेखेरीज दुसरं काही साधन नव्हतं.

आणि नाव उलट दिशेने हरवल्याचंही उदाहरण आहे. तुकोबांचे धाकटे भाऊ कान्होबा हेही अभंग रचत. त्यांची मुद्रा 'तुकयाबंधु'. तुकोबांनंतर त्यांनी भावासाठी केलेले शोकाचे अभंग फार हेलावणारे आहेत. पण सही करताना या माणसाने स्वतःचं नाव काढून भावाचं ठेवलं. ते कवी होते, हे आजही अनेकांना माहीत नसतं.

सहीची किंमत

कवितेत नाव घालण्यात अभिमान असतो, तसाच धोकाही. निनावी ओळीचा जाब कुणाला विचारणार? सही केलेल्या ओळीचा विचारता येतो.

तुकोबांवरचा आरोप काय होता? शूद्र असून वेदांचा अर्थ प्राकृतात सांगतो. परंपरा सांगते की रामेश्वरभट्टांच्या सांगण्यावरून त्यांना आपल्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवसांनी त्या वर आल्या, असं भाविक मानतात. लोकांच्या तोंडी अभंग होतेच म्हणून ते वाचले, असं काही अभ्यासक म्हणतात. दोन्ही गोष्टींत एक मुद्दा समान आहे. पाण्यात कागद बुडवता येतो, पण गावोगावच्या माणसांना पाठ असलेलं 'तुका म्हणे' बुडवता येत नाही. जी सही पुरावा म्हणून त्यांच्याविरुद्ध वापरता आली, तिनेच पुढे त्यांचं काम त्यांच्या नावावर ठेवलं.

या तुकोबांना वैजापूरकडची एक ब्राह्मण बाई गुरू मानते, हाही त्या काळी अपराधच होता. बहिणाबाई (1628–1700) यांनी आपलं आयुष्य अभंगांतच सांगितलं आहे आणि शूद्र गुरू केला म्हणून नवऱ्याने केलेला छळही. घरात मार खाणारी बाई शेवटच्या कडव्यात 'बहिणी म्हणे' लिहिते, तेव्हा ती फक्त छंद पुरा करत नसते.

सालोमालो आणि दुसरे नामा

आता या युक्तीतली फट. 'तुका म्हणे' चार अक्षरांचं आहे, आणि 'सालो म्हणे' हेही चार अक्षरांचंच.

सालोमालो हा तुकोबांच्या काळातला कीर्तनकार. तुकोबांचे अभंग घ्यायचे, मुद्रा बदलायची आणि आपले म्हणून गायचे, असा त्याचा लौकिक आहे. तुकोबांच्या गाथेतही त्याच्यावर राग काढणारे अभंग आहेत. प्रभातच्या 1936 सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटाने तर त्याला खलनायकच केलं. छंदाचा हिशेब जो नाव पक्कं बसवतो, तोच ते सहज बदलूही देतो. चार अक्षरं काढा, चार घाला, चाल तशीच राहते.

याच चित्रपटाच्या बाबतीत उलटी गोष्टही घडली. त्यासाठी शांताराम आठवले यांनी बीज आणि वृक्षाच्या दाखल्यावर एक गाणं लिहिलं. ते इतकं अभंगासारखं झालं की अनेकांनी ते तुकोबांचंच मानलं, आणि आजही मानतात. सालोमालोने दुसऱ्याचं आपल्या नावावर घेतलं. आठवल्यांचं लोकांनी न मागता तुकोबांच्या नावावर केलं. व्हॉट्सॲपवर पु.लं.च्या नावाने फिरणारी कविता या दुसऱ्या जातीची. चांगलं वाटलं की आपण ते मोठ्या माणसाच्या खात्यात टाकतो.

नामदेवांच्या बाबतीत हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. तेराव्या-चौदाव्या शतकातले नामदेव एक. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी झाले, ज्यांनी मराठीत महाभारत रचलं. दोघेही 'नामा'. त्यामुळे नामदेवांच्या गाथेत कुठला अभंग कुणाचा, हे वेगळं काढणं अभ्यासकांना आजही सोपं नाही. यात चोरी असेलच असं नाही. मोठ्या संताच्या नावाने गाणं ही नम्रताही असू शकते. पण परिणाम तोच: एका नावाखाली अनेक माणसं पुरली गेली.

नामदेवांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. तिथे हाच प्रश्न कसा सोडवला, ते बघा. ज्या शीख गुरूंनी पदं रचली त्या सगळ्यांनी मुद्रा एकच घेतली, 'नानक'. पण 1604 मध्ये गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला तेव्हा पदांच्या शीर्षकात 'महला' आणि आकडा दिला. महला 1 म्हणजे गुरू नानक, महला 3 म्हणजे गुरू अमरदास, महला 5 म्हणजे स्वतः गुरू अर्जन. गाताना सगळे एक, नोंद मात्र वेगवेगळी. आपल्याकडे असा आकडा कुणी घातला नाही.

एकनाथांना मात्र ही भीती नीट कळली होती. 1584 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून, घुसलेले पाठ काढून शुद्ध प्रत तयार केली. शेवटी स्वतःच्या ओव्या जोडून बजावलं की यात जो कुणी आपली ओवी घालेल, त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजावं. स्वतः उत्तम कवी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ग्रंथात एकही ओवी आपली म्हणून सारली नाही. सालोमालोइतकीच हीही आपली परंपरा आहे.

छापखाना आला

एकोणिसाव्या शतकात छपाई आली आणि 'हे नक्की कुणाचं?' हा प्रश्न तातडीचा झाला. वहीत घोळ असला तर तो एका घरापुरता राहतो. छापला की हजार घरी जातो. 1869 आणि 1873 मध्ये विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी तुकोबांची गाथा दोन भागांत संपादित केली, ती 'इंदुप्रकाश' छापखान्यातून निघाली. अभंगांची संख्या साडेचार हजारांवर गेली. पुढे वि. ल. भावे यांनी तुकोबांचे लेखनिक संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून वेगळी गाथा छापली. तिच्या नावातच 'अस्सल' हा शब्द आहे. 'अस्सल' असं लिहावं लागलं, याचा अर्थ 'तुका म्हणे' ही सही एकटी पुरेनाशी झाली होती.

त्याच शतकाच्या अखेरीला शिवराम एकनाथ भारदे यांनी 'सुधारक' पत्रात खळबळ उडवली. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंगांचे ज्ञानदेव या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, असं त्यांचं म्हणणं. भाषा वेगळी आहे, ज्ञानेश्वरीत विठ्ठलभक्ती दिसत नाही, अशी कारणं त्यांनी दिली. वाद खूप चालला, आणि ज्ञानदेव एकच, हेच मत शेवटी बहुसंख्यांनी मानलं. मला त्यातली एक गोष्ट आवडते. लेखकाची खरी ओळख शोधणारे हे लेख भारद्यांनी 'भारद्वाज' या टोपणनावाने लिहिले होते.

छपाईने मुद्रेला कवितेबाहेर काढलं. नाव आता शीर्षकाखाली किंवा शेवटी छापता येऊ लागलं, मग चार अक्षरं खर्च करायची गरज काय? त्याआधीची पिढी, म्हणजे पेशवाईतले शाहीर, अजून लावणीतच सही करत. 'होनाजी बाळा' ही तर दोघांची जोडसही होती: होनाजी शिलारखाने रचणारे आणि बाळा करंजकर गाणारे. गाणाऱ्यालाही नावात अर्धा वाटा. आज गाण्याच्या व्हिडिओखाली गीतकाराचं नाव शोधताना हे आठवतं.

आधुनिक कवींनी मुद्रा सोडली, पण तिची सावली टोपणनावांत उरली. कृष्णाजी केशव दामले 'केशवसुत' झाले, म्हणजे केशवाचा मुलगा. वि. वा. शिरवाडकर 'कुसुमाग्रज' झाले, कुसुमचा थोरला भाऊ. नात्यातून नाव घेण्याची रीत तीच. फरक इतकाच की शिरवाडकरांनी बहिणीचं नाव हौसेने घेतलं. सोयराबाईला निवडायला किती वाव होता?

पुढे कायदाही आला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाला आपल्या लेखनावर आपलं नाव असण्याचा वेगळा हक्क दिला. हक्क विकले तरी हा हक्क त्याच्याकडेच राहतो. शेवटच्या कडव्यात बसून संतकवी जे मागत होते, ते आता कलमात आहे. फॉरवर्ड करणारा अंगठा मात्र कलमं वाचत नाही.

ज्यांनी सही केलीच नाही

हे सगळं लिहिताना एक मोठी बाजू राहून जाते. पहाटे जात्यावर बसून बायकांनी ज्या ओव्या गायल्या, त्यांत मुद्रा नसते. भावाचं नाव असतं, लेकाचं असतं, विठ्ठलाचं आणि जनीचं असतं. ओवी जिची, तिचं नसतं. ती आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे गेली, वाटेत बदलली, वाढली. ती आपली मालमत्ता आहे असं बहुधा कुणाला वाटलंच नाही, किंवा असं वाटून घ्यायची मुभाच नव्हती.

मग गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावागावांत जाऊन अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. ओवी तिने रचली नसेल, आईकडून घेतली असेल. तरी नावाची जागा आता रिकामी नाही.

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचंही असंच. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरातल्या मुलांनी लिहून ठेवलेली त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. कुणी ती वेळेवर उतरवून घेतली नसती, तर आज ती 'एक जुनं लोकगीत' म्हणून फिरत असती. किंवा फिरतही नसती.

परवा ग्रुपवर पुन्हा एक कविता आली. चांगली होती, आणि खाली नाव नव्हतं. मी विचारलं, "कुणाची आहे?" उत्तर आलं, "माहीत नाही. आवडली म्हणून टाकली." कवितेतली एक ओळ शोधून पाहिली तर दहा मिनिटांत कवयित्रीचं नाव सापडलं. ते मी ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले. काकांनी कविता पुन्हा टाकली, या वेळी खाली तिचं नाव लिहून.